जिभेचा मोह, पदकाची राखण

क्रीडास्पर्धांचा इतिहास बहुधा पदकांच्या तक्त्यांतून लिहिला जातो. कोण किती वेगाने धावला, कोणी किती वजन उचलले, कोणाचा नेम अचूक लागला, याची नोंद पिढ्यान् पिढ्या राहते. तो खेळाडू त्या दिवसांत काय जेवला, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. वस्तुतः परक्या देशात पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे त्या भूमीशी पहिले नाते जुळते ते अन्नातून. त्यातही तो देश चीनसारखा असेल, जिथे प्रत्येक प्रांताची चूल निराळी आणि प्रत्येक गल्लीचा वास निराळा, तर पाहुण्याच्या कुतूहलाला सीमाच उरत नाही.

८ ते २४ ऑगस्ट २००८ या काळात बीजिंग येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. २०४ देशांच्या व प्रदेशांच्या पथकांतून सुमारे ११ हजार खेळाडू त्या नगरीत दाखल झाले होते. भारतीयांच्या मनात त्या स्पर्धेचे स्थान अढळ आहे. कारण ११ ऑगस्ट रोजी अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफल प्रकारात भारताला इतिहासातील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. मैदानावर असे विक्रम घडत असताना शहराच्या मध्यभागी एक वेगळीच, बिनपदकाची स्पर्धा रोज सायंकाळी रंगत होती. तिथे कस लागत होता तो जिभेचा आणि धैर्याचा.

वांगफुजिंगची खाऊगल्ली

तिआनानमेन चौकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर वांगफुजिंग हा बीजिंगचा जुना, गजबजलेला व्यापारी रस्ता आहे. राजपुत्रांचे वाडे आणि तेथील विहीर यांवरून त्याला हे नाव पडले. या रस्त्याच्या परिसरात १९८४ मध्ये दोंगह्वामेन हा रात्रबाजार सुरू झाला. एका रांगेत मांडलेले ठेले, त्यांवरील छते, लाल कंदील, कढयांतून उठणारी वाफ आणि गिऱ्हाइकांना हाका मारणारे विक्रेते, असा तेथील थाट असे. ऑलिंपिकच्या काळात देशोदेशींचे पाहुणे या बाजारात येत, आणि आपली शर्यत आटोपून मोकळे झालेले खेळाडूही त्यांत असत.

पाहुण्यांची पावले खिळत ती बांबूच्या काडीवर टोचलेल्या विंचवांपाशी. काही ठेल्यांवर हे विंचू चक्क वळवळत असत. गिऱ्हाईक ठरले की विक्रेता ती काडी उकळत्या तेलात बुडवी आणि क्षणभरात मीठ-मसाला भुरभुरून हातात देई. उष्णतेने विंचवाच्या विषाचा प्रभाव नाहीसा होतो आणि उरते ते कुरकुरीत, खारट कवच. शेजारीच रेशमाच्या किड्यांचे कोश, टोळ, समुद्रतारे आणि समुद्रघोडे यांच्या काड्या ओळीने लावलेल्या असत. एकाने काडी उचलायची, दुसऱ्याने छायाचित्र टिपायचे आणि बाकीच्यांनी डोळे विस्फारून पाहायचे, असा तो सोहळा असे.

हे पाहून नाक मुरडण्यापूर्वी आपल्याच देशाकडे एक दृष्टिक्षेप टाकावा. आसामात एरी रेशमाचे कोश उकलल्यावर आतील अळी आवडीने खाल्ली जाते. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची ‘चापडा’ चटणी आठवडी बाजारात पानांच्या द्रोणांतून विकली जाते. ओडिशातील मयूरभंजच्या अशाच चटणीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. कोणता जीव अन्न आणि कोणता किळसवाणा, हे पोटापेक्षा सवयच अधिक ठरवते.

बीजिंगकर खरोखर काय खातात?

गमतीचा भाग असा की, विंचवाच्या काडीभोवती जमणाऱ्या गर्दीत खुद्द बीजिंगकर अभावानेच दिसत. शानतोंग प्रांतात तळलेला विंचू हा परंपरागत पदार्थ आहे हे खरे. परंतु वांगफुजिंगचा विंचू मुख्यतः पाहुण्यांच्या करमणुकीसाठी होता. राजधानीतील सामान्य माणसाची न्याहारी निराळीच.

सकाळी कामावर निघालेला बीजिंगकर कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबतो तो ‘ज्यानबिंग’साठी. गोल, तापलेल्या तव्यावर मूग व अन्य धान्यांच्या पिठाचे पातळ आवरण पसरले जाते. त्यावर अंडे फोडतात, कांद्याची पात व कोथिंबीर भुरभुरतात, गोडसर सोयाबीनची चटणी आणि तिखट लावतात, आत एक कुरकुरीत तळलेली पापडी ठेवतात आणि घडी घालून हातात देतात. आपल्या मुगाच्या धिरड्याशी त्याचे नाते इतके जवळचे, की मराठी माणसाला पहिल्याच घासात घरची आठवण यावी.

हिवाळ्यात मुलांची झुंबड उडते ती ‘तांगहुलू’वर. लालबुंद, आंबट डोंगरी फळे काडीवर ओवून साखरेच्या पाकात घोळवली जातात. पाक थंड होताच काचेसारखा कडक होतो आणि दाताखाली कडकन फुटतो. याउलट ‘दोउझ’ हे पेय म्हणजे नवख्यासाठी खरी सत्त्वपरीक्षा. मुगापासून पीठसत्त्व काढल्यावर उरणारे पाणी आंबवून ते गरमागरम पितात. करडा-हिरवा रंग आणि उग्र आंबूस वास यांमुळे परका माणूस विंचू खाईल, पण दोउझचा दुसरा घोट घेणार नाही! आंबवलेल्या तोफूचेही तसेच. त्याचा वास दोन गल्ल्या आधीच वर्दी देतो. परंतु भाजलेल्या सुक्या बोंबलाच्या वासाने ज्याच्या तोंडाला पाणी सुटते, अशा कोकणी माणसाला हे कोडे समजावून सांगावे लागत नाही.

आणि सर्वांत लोकप्रिय म्हणजे ‘च्वान’, काडीवर ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. शिनज्यांग प्रांतातील उइगूर लोकांची ही देणगी. त्यावर जिरे आणि लाल तिखट सढळ हाताने पेरलेले असते. ‘च्वान’साठी असलेले चिनी अक्षरही काडीवर ओवलेल्या दोन तुकड्यांसारखेच दिसते, त्यामुळे लिपी न जाणणारा पाहुणाही पाटी पाहून दुकान ओळखतो. जिऱ्याच्या परिचित सुवासाने भारतीय माणूस तर हमखास तिकडे ओढला जातो.

विंचू पाहून अंगावर काटा येतो आणि जिरे लावलेल्या मटणाच्या तुकड्याने तोंडाला पाणी सुटते. खेळाडूची गोष्ट मात्र नेमकी येथेच उलटते. त्याच्यासाठी खरे धोक्याचे ठिकाण विंचवाचा ठेला नव्हे, तर तो साधा, ओळखीचा, निरुपद्रवी दिसणारा मांसाचा तुकडा आहे.

एका घासाची किंमत

१९९० च्या दशकापासून चीनमधील काही पशुपालक जनावरांच्या खाद्यात क्लेनब्युटेरॉल नावाचे औषध मिसळू लागले. काही देशांत ते दम्यावर वापरले जाते. जनावराला दिल्यास चरबी घटते आणि स्नायू वाढतात. म्हणजेच बाजारात अधिक भाव मिळणारे मांस तयार होते. चिनी बोलीत या पदार्थाला ‘चरबीविरहित मांसाचे चूर्ण’ अशा अर्थाचे नाव आहे. सरकारने त्यावर बंदी घातली, तरी गैरवापर पूर्णपणे थांबला नाही. २००६ मध्ये शांघायमध्ये असे मांस खाऊन तीनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि २०११ मध्ये हनान प्रांतात याच कारणावरून मोठे प्रकरण उघडकीस आले. नेहमीच्या शिजवण्याने वा भाजण्याने हे औषध नष्ट होत नाही.

जे औषध जनावराचे स्नायू वाढवते, ते माणसाचेही वाढवू शकते. म्हणूनच जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे ‘वाडा’च्या, निषिद्ध यादीत ते आहे, आणि केवळ स्पर्धेच्या दिवशीच नव्हे, तर वर्षाचे बाराही महिने निषिद्ध आहे. क्रीडाविश्वातील नियम कठोर आहे. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले, तर ते कसेही आले असो, उत्तर त्यालाच द्यावे लागते. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर तिथे पुरेसे ठरत नाही.

जर्मनीचा टेबल टेनिसपटू दिमित्री ओव्हचारोव्ह याला हा अनुभव आला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याने सांघिक रौप्यपदक मिळवले होते. ऑगस्ट २०१० मध्ये तो सुझोउ येथील चायना ओपन स्पर्धा खेळून मायदेशी परतला आणि त्यानंतरच्या चाचणीत त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉलचा अंश आढळला. बावीस वर्षांच्या तरुणाची सारी कारकीर्द एका चिनी जेवणावर येऊन टांगली गेली. त्याच्याबरोबर त्याच पंगतीत जेवलेल्या सहकाऱ्यांचे नमुने तपासण्यात आले, त्याच्या केसांचीही तपासणी झाली आणि त्याने हे औषध जाणूनबुजून घेतल्याचे दिसून आले नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या देशाच्या संघटनेने त्याला निर्दोष ठरवले. पुढे लंडन २०१२ आणि टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये त्याने एकेरीची कांस्यपदके जिंकली. ती दोन पदके त्या तपासणीच्या निकालावर अवलंबून होती, हे ध्यानात घेतले की एका घासाची किंमत कळते.

त्यानंतर जर्मनीतील कोलोन येथील उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेने चीनहून परतलेल्या २८ प्रवाशांचे नमुने तपासले. त्यांतील २२ जणांच्या नमुन्यांत हे द्रव्य सापडले. प्रश्न एका खेळाडूच्या प्रामाणिकपणाचा नसून संपूर्ण अन्नसाखळीचा आहे, हे या तपासणीने दाखवून दिले. मेक्सिकोत तर याहून मोठा धक्का बसला. २०११ मध्ये तेथे झालेल्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात तपासलेल्या २०८ नमुन्यांपैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल आढळले. कोवळ्या वयाच्या एवढ्या मुलांनी एकाच वेळी उत्तेजक घेतले असणे शक्यच नव्हते. कारण दूषित मांस हेच होते.

खुद्द यजमान देशाच्या खेळाडूंचीही यातून सुटका नव्हती. बीजिंगमध्ये ज्यूदोच्या ७८ किलोंवरील गटात सुवर्णपदक जिंकणारी चीनची तोंग वन २००९ च्या जागतिक स्पर्धेनंतर याच द्रव्यासाठी दोषी ठरली. आपण खाल्लेल्या डुकराच्या मांसातून ते आले, असे तिचे म्हणणे होते. दोन वर्षांची बंदी तिच्यावर लादली गेली. नमुन्याचा दुसरा भाग तिला उपस्थितीची संधी न देता तपासला गेला, या कारणावरून क्रीडा लवादाने फेब्रुवारी २०११ मध्ये ती बंदी रद्द केली.

मात्र मांसाकडे बोट दाखवून प्रत्येकाची सुटका होते, असेही नाही. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये सायकलपटू अल्बर्टो कोंटाडोरच्या नमुन्यात अत्यल्प क्लेनब्युटेरॉल आढळले. स्पेनहून आणलेल्या गोमांसाचे त्याने दिलेले स्पष्टीकरण लवादाने २०१२ मध्ये स्वीकारले नाही आणि त्याचे विजेतेपद गेले. न्याय करणाऱ्यांपुढचा पेच असा दुहेरी होता: निरपराधाला शिक्षा होऊ नये आणि अपराध्याला पळवाट मिळू नये. अखेर २०१९ मध्ये ‘वाडा’ने नवी पद्धत लागू केली. मूत्राच्या नमुन्यात प्रति मिलिलिटर ५ नॅनोग्रॅमपर्यंतच अंश आढळला, तर तत्काळ दोष न ठेवता तो मांसातून आला असावा का, याची आधी चौकशी करायची. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म रेषेवर माणसाची अब्रू तोलली जाते!

सावध पावले

या पार्श्वभूमीवर, बीजिंगला गेलेली पथके खाण्याच्या बाबतीत एवढी दक्ष का होती, ते समजते. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००८ मध्ये आपल्या खेळाडूंसाठी सुमारे २५ हजार पौंड, म्हणजे ११ टनांहून अधिक मांस व अन्य प्रथिनयुक्त अन्न स्वदेशातून पाठवण्याची व्यवस्था केली होती. जमैकाचा उसेन बोल्ट तर अनोळखी चवींच्या वाटेला फारसा गेलाच नाही. कोंबडीचे तळलेले ‘नगेट्स’ दिवसाला सुमारे शंभर, या हिशेबाने दहा दिवसांत हजारभर फस्त केल्याचे त्याने आपल्या आत्मचरित्रात म्हटले आहे. त्याच मुक्कामात त्याने १०० मीटर शर्यत ९.६९ सेकंदांत आणि २०० मीटर शर्यत १९.३० सेकंदांत जिंकली. आहारशास्त्राच्या पुस्तकात हा आदर्श बसणार नाही. परंतु ओळखीचे तेच खावे, हा त्यामागचा विचार स्पर्धेच्या दिवसांत चुकीचा नव्हता.

२०११ च्या अखेरीस ‘वाडा’ने चीन व मेक्सिको येथे जाणाऱ्या खेळाडूंना मांसाबाबत अत्यंत सावध राहण्याचा सल्ला दिला. आयोजकांनी वा आपल्या संघटनेने मान्य केलेल्या ठिकाणीच जेवावे आणि बाहेर जेवण्याचा प्रसंग आलाच, तर अनेकांनी मिळून एकत्र जेवावे. या दुसऱ्या सूचनेत मोठे शहाणपण आहे. एकाच पंगतीतील साऱ्यांच्या नमुन्यांत तोच अंश आढळला, तर एकाच्या निर्दोषत्वाची साक्ष दुसरा देऊ शकतो. ओव्हचारोव्हच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

विंचवाला वजन वाढवण्यासाठी कोणी औषध चारत नाही. तांगहुलूच्या फळात वा ज्यानबिंगच्या पिठातही ते नसते. तेव्हा शर्यत संपलेल्या खेळाडूने धैर्य दाखवायचे ठरवले, तर उत्तेजक चाचणीच्या दृष्टीने विंचवाची काडी ही जिरे लावलेल्या मटणापेक्षा निर्धोक ठरते! तेल किती वेळा तापवलेले, ठेला किती स्वच्छ, हे प्रश्न उरतातच. आणि स्पर्धेपूर्वी पोट बिघडवून घेणे हाही पदक गमावण्याचाच एक मार्ग आहे. म्हणून आधी कर्तव्य आणि मग कुतूहल, हा क्रम अनुभवी प्रशिक्षक कटाक्षाने पाळतात.

बंद दारे आणि उघडा रस्ता

कुतूहलाला वावच मिळाला नाही, तर काय होते, हेही बीजिंगने पाहिले. ४ ते २० फेब्रुवारी २०२२ या काळात तेथे हिवाळी ऑलिंपिक झाले, तेव्हा कोविडच्या निर्बंधांमुळे खेळाडूंना निवासस्थान आणि मैदान यांपलीकडे शहरात पाऊल टाकता येत नव्हते. खाऊगल्ल्यांचे दर्शन दुर्लभ झाले. तरीही चीनची चव त्यांच्यापर्यंत पोहोचलीच. माल्टाची एकमेव खेळाडू असलेली स्नोबोर्डपटू जेनीस स्पिटेरी हिने आपली फेरी संपवली आणि गुणांची वाट पाहत असताना खिशातून लाल घेवड्याच्या गोड सारणाचा अर्धवट खाल्लेला पाव काढून कॅमेऱ्यासमोरच खायला सुरुवात केली. कोट्यवधी चिनी प्रेक्षकांना हे दृश्य विलक्षण भावले. अंतिम फेरी तिला गाठता आली नाही; परंतु यजमानांच्या घरातील साधा पदार्थ मनापासून खाणारी पाहुणी म्हणून ती त्यांच्या लक्षात राहिली.

निर्बंध सरल्यावर २३ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर २०२३ या काळात हांगझोउ येथे आशियाई स्पर्धा झाल्या आणि भारताने २८ सुवर्णांसह १०७ पदकांची विक्रमी कमाई केली. त्यात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय होता. बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण व ५००० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकले. नागपूरच्या ओजस देवतळेने तिरंदाजीत तीन सुवर्णपदके पटकावली आणि साताऱ्याच्या आदिती स्वामीने सांघिक सुवर्णाबरोबर वैयक्तिक कांस्यपदक मिळवले.

त्या हांगझोउमध्ये रस्त्यावर मिळणारा एक पदार्थ शाकाहारी भारतीयांनाही रुचावा असा आहे. ‘त्सोंगबाओह्वे’ हे त्याचे नाव. पिठाची तळलेली लांब कांडी आणि कांद्याची पात पातळ पोळीत गुंडाळून तव्यावर दाबून भाजतात व वर गोड किंवा तिखट चटणी लावतात. त्यामागची आख्यायिका मोठी उद्बोधक आहे. बाराव्या शतकात यूए फेई नावाचा पराक्रमी, देशनिष्ठ सेनापती छिन ह्वे या मंत्र्याच्या कारस्थानाला बळी पडला. हतबल प्रजेने त्या मंत्र्याच्या नावाने पिठाच्या आकृती तेलात तळून आपला संताप व्यक्त केला, असे सांगतात. यूए फेईचे स्मारक आजही तेथील पश्चिम सरोवराच्या काठी आहे आणि छिन ह्वेचा पुतळा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसलेला आहे. आठ-नऊशे वर्षांचा राग जनतेने न्याहारीच्या पदार्थात जपून ठेवावा, हे रस्त्यावरच्या अन्नाचे खरे सामर्थ्य. विंचू खाणाऱ्याला सांगण्यासारखी एक गंमत मिळते. ही पोळी खाणाऱ्याला त्या शहराचे मन कळते.

वांगफुजिंगचा तो प्रसिद्ध रात्रबाजार गोंगाट, कचरा आणि अस्वच्छता यांविषयीच्या तक्रारींमुळे जून २०१६ मध्ये कायमचा बंद झाला. विंचवांच्या काड्या तेथून गेल्या. ज्यानबिंगचे तवे मात्र बीजिंगमध्ये आजही रोज सकाळी तापतात. आज आपल्या लहान गावांतील मुले-मुली देशाचा गणवेश अंगावर चढवून परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांनी तिथले जग डोळे भरून पाहावे, तिथल्या माणसांत मिसळावे आणि तिथली चवही जरूर चाखावी. फक्त घास उचलण्यापूर्वी, तो कशाचा आहे आणि कोठून आला आहे, एवढे दोन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना नेम धरण्याच्या आणि धावण्याच्या सरावाबरोबरच लावायला हवी. वर्षानुवर्षांचे कष्ट त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सुरक्षित राहतात.